रशियन क्लासच्या कार्यक्रमात जुन्या सिनेमातलं गाणं म्हणायचंय, बेसूर माणसाला झेपेल असं सुचवा

झांजवाली:
नमस्कार मंडळी. पुण्यात संध्याकाळचा रशियनचा क्लास करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. ३० डिसेंबरला नव्या वर्षाचा कार्यक्रम आहे आणि सरांनी फतवा काढलाय की प्रत्येकाने एकतर कविता म्हणायची नाहीतर जुन्या सिनेमातलं गाणं, आणि गाणं असेल तर ते कुठल्या सिनेमातलं, कोणी केलं, हेही चार वाक्यांत रशियनमध्ये सांगायचं. कात्यूशा आणि कालिंका बाद, दरवर्षी पाचसहा जण तेच म्हणतात म्हणे.
अडचण अशी की मला गाता येत नाही. म्हणजे लाजून म्हणतेय असं नाही, खरंच येत नाही, गणपतीत आरतीला आई माझ्या हातात झांजा देते आणि म्हणते तू फक्त वाजव. पण कविता पाठ करायचा त्याहून कंटाळा.
होमवर्क केलाय थोडा. सगळे सांगतात म्हणून 'इरोनिया सुद्बी' हा तिकडे दर नव्या वर्षाला टीव्हीवर लागणारा सिनेमा बघितला, दोन भाग, तीन तास. एक माणूस दारू पिऊन चुकून दुसऱ्याच शहरात पोचतो एवढ्यावर अख्खा देश दरवर्षी का रडतो ते काही कळलं नाही. सबटायटल वाचण्यात गाणी निसटली बहुतेक. तर संथ, शब्द सुटे ऐकू येणारं, आणि मागे काहीतरी गोष्ट असलेलं गाणं सांगा. प्लीज यूट्यूबवर शोध असं सांगू नका, तेच करून इथे आलेय.

खार्कोव्हकर_काका:
अगं आवाज नाही म्हणून काय रडतेस, ही गाणी आवाज नसलेल्यांनीच गाजवलीत. आपल्याकडे पडद्यावर कोणीही असो मागून लताबाई नाहीतर रफी, त्यामुळे सिनेमातलं गाणं म्हणजे रियाजवाल्याचं काम असं आपल्या डोक्यात बसलंय. तिकडे बरीचशी गाणी नटच म्हणायचे आणि बोलल्यासारखी म्हणायचे. त्याला त्यांचा शब्द आहे 'व्पोलगोलसा', म्हणजे अर्ध्या आवाजात.
मार्क बेर्नेस ऐक. आवाजाची रेंज म्हणशील तर दीड खोलीच्या बिऱ्हाडाएवढी. पण १९४३ च्या 'दोन सैनिक' सिनेमात तो रात्री खंदकात गिटार घेऊन 'त्योम्नाया नोच' म्हणतो, काळोखी रात्र, गोळ्या चालल्यात आणि तिकडे घरी बायको बाळाच्या पाळण्यापाशी जागी आहे, बस एवढंच गाणं आहे. युद्ध चालू असताना ताश्कंदमध्ये शूटिंग झालं, कारण स्टुडिओ तिकडे हलवले होते. सैनिक घरी पत्र लिहितोय तो सीन काही केल्या जमेना म्हणून दिग्दर्शक लुकोव्हने संगीतकार बोगोस्लोव्स्कीला बोलावून सांगितलं इथे गाणं पाहिजे, आणि त्याने तिथल्या तिथे चाल लावली असं सांगतात. त्यात एकही जागा अशी नाही जिथे आवाज चढवावा लागतो. चढवलास तर उलट वाट लागेल.
दुसरं 'पदमास्कोव्निये वेचेरा'. हे आपण मोठ्या सिनेमातलं समजतो पण ते १९५६ च्या खेळांच्या स्पर्धेवरच्या डॉक्युमेंटरीत होतं, सिनेमा आता कोणाला आठवतही नाही. संगीत सोलोव्योव-सेदोयचं, तो लेनिनग्राडचा, आणि मूळ शब्दांतही लेनिनग्राडच्याच संध्याकाळी होत्या, त्या मॉस्कोच्या झाल्या. ते गायला व्लादिमिर त्रोशिन, तो मॉस्कोच्या आर्ट थिएटरचा नट, गायक नव्हेच. आधी म्हणे बेर्नेसला विचारलं होतं पण त्याला ते शब्द विचित्र वाटले, गाणं ऐकू येतं आणि येत नाही, नदी हलते आणि हलत नाही, हे काय लिहिलंय. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या युवक महोत्सवात या गाण्याला बक्षीस मिळालं आणि १९६४ पासून मायाक रेडिओची सिग्नेचर ट्यून तीच.
मी १९७९ ते ८५ खार्कोव्हला इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या किचनमध्ये बटाटे तळता तळता चौदा देशांची पोरं हे म्हणायची, त्यात सुरात जेमतेम दोन.

चकलीवाली_बाबा_यागा:
३० डिसेंबरला काळोखी रात्र आणि गोळ्या? काका काहीपण. वर्ष संपायला आलंय तर 'कार्नावाल्नाया नोच' पाहिजे! १९५६, एल्दार र्याझानोव्हचा पहिला फीचर सिनेमा, ल्युद्मिला गुर्चेन्को तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची आणि ती 'पाच मिनिटं' म्हणते, की बारा वाजायला पाचच मिनिटं राहिलीत तेवढ्यात काय काय होऊ शकतं.
गोष्ट पण मस्त आहे. सांस्कृतिक भवनात नव्या वर्षाचा कार्यक्रम आणि नवीन साहेब ओगुर्त्सोव (आडनावातच काकडी आहे) म्हणतो मजा करायचीये ना, करा, पण गंभीरपणे करा. आधी माझं भाषण, मग मंगळावर जीवसृष्टी आहे का यावर व्याख्यान, नाचणाऱ्यांचे पाय झाका, जोकरच्या विनोदातून विनोद काढा. मग पोरं त्याला बाजूला ठेवून आपलाच कार्यक्रम करतात आणि व्याख्यात्याला इतकी पाजतात की तो स्टेजवर येऊन नाचायलाच लागतो. आपल्याकडच्या कुठल्याही गॅदरिंगला हा साहेब सापडेल, नाव घेत नाही. सिनेमा मॉसफिल्मच्या यूट्यूब चॅनेलवर बघ.

झांजवाली:
@बाबा_यागा ऐकलं!! साहेब भारीच आहे. पण गाणं फास्ट आहे हो, 'पाच मिनिटं' म्हणता म्हणता माझी पाच मिनिटं संपतील. आणि ती नाचत म्हणते, कंबर बघितली का तिची.
@काका 'काळोखी रात्र' तीनदा ऐकलं. सुंदर आहे पण मी म्हटलं तर लोक हसतील आणि ते मलाच वाईट वाटेल. 'पदमास्कोव्निये' आमच्या बॅचमधल्या एका बँकवाल्या काकांनी आधीच बुक केलंय.

उगाच_शंका:
गाणी गोड आहेत, वाद नाही. पण या थ्रेडवर जरा जास्तच गुलाबजाम चाललेत म्हणून बोलतो. ही सगळी मौजमजा कुठल्या काळात बनली ते पण बघा ना. रशियन म्युझिकलची सुरुवात ज्याने झाली तो १९३४ चा 'व्येस्योलिये रेब्याता', पडद्यावर उत्योसोव आणि ल्युबोव ओर्लोवा, दुनायेव्स्कीचं संगीत. त्याचे दोन लेखक, एर्दमान आणि मास, शूटिंग चालू असताना गाग्रामधून पकडून नेले आणि हद्दपार केले, टायटलमधून नावं गायब. 'वोल्गा-वोल्गा' १९३८ चा, स्टालिनचा सगळ्यात आवडता. त्याचा कॅमेरामन निल्सेन, त्याला सिनेमा रिलीज व्हायच्या आधी गोळी घातली. 'सर्कस'मध्ये शेवटी काळ्या बाळाला सगळ्या जातीजमातींचे प्रेक्षक आपापल्या भाषेत अंगाई म्हणतात, किती उदात्त, त्यात यिद्दिशमध्ये, म्हणजे तिकडच्या ज्यूंच्या भाषेत, म्हणणाऱ्या मिखोएल्सला १९४८ मध्ये मारलं आणि मग त्याचा तुकडा सिनेमातून कापला, तो नंतर परत जोडला.
आणि 'कुबान्स्किये काझाकी'! युद्धानंतर १९४६-४७ ला दुष्काळात लाखो माणसं उपाशी मेली आणि हा सिनेमा १९५० मध्ये येतो, त्यात शेतकऱ्यांची जत्रा, कलिंगडांचे ढीग, कापडाचे तागे, सगळे गातायत. पुढे ख्रुश्चेव्हनेच १९५६ च्या त्या प्रसिद्ध स्टालिनविरोधी भाषणात टोमणा मारला की सिनेमात शेतकऱ्यांची टेबलं टर्की आणि हंसांच्या वजनाने वाकलेली दाखवतात. याला नॉस्टॅल्जिया म्हणायचं?

खार्कोव्हकर_काका:
शंकासुरा, तू सांगितलेलं सगळं खरं आहे आणि त्यातलं निम्मं मला तिथे असताना माहीत नव्हतं, कोणी बोलायचंच नाही.
पण एक सांगतो. आमच्या हॉस्टेलच्या दारात एक म्हातारी बसायची, पासेस बघायला, त्यांना 'वाख्त्योर्शा' म्हणतात, रात्री अकरानंतर आलं की जीव घ्यायची. तिच्या समोर छोटा टीव्ही असायचा. एकदा हाच 'कुबान्स्किये काझाकी' लागला होता आणि ती 'कालिना'चं गाणं हळू आवाजात बरोबर म्हणत होती. ते गाणं दुनायेव्स्कीने या सिनेमासाठी केलेलं, शब्द इसाकोव्स्कीचे, पण तिला ते तिच्या आजीच्या काळचं लोकगीत वाटायचं, निम्म्या देशाला वाटतं. मी तेव्हा नवीन, शहाणपणा करायला गेलो, म्हटलं बाबुश्का तुमच्या गावात खरंच अशी जत्रा असायची का. ती म्हणाली सत्तेचाळीसला आम्ही गवताची भाकरी खाल्ली, माझा धाकटा भाऊ त्यातच गेला. मी गप्प. मग विचारलं की तरी हा सिनेमा बघता? तर म्हणाली, आम्ही तीनदा बघितला तेव्हा, तिकीट काढून. त्यात खायला होतं ना.
आता हे खोटं का खरं का प्रचार ते तू ठरव. मला अजून ठरवता आलेलं नाही आणि चाळीस वर्षं झाली.
बाकी दुनायेव्स्की खार्कोव्हला शिकलेला, बेर्नेस तिथेच वाढलेला, गुर्चेन्को तर जन्मच तिथला. माझ्या वर्गातली एक मैत्रीण अजून खार्किवमध्ये, म्हणजे युक्रेनमधल्या त्याच खार्कोव्हला, आहे. आधी दर ३१ डिसेंबरला मी तिला 'पाच मिनिटं' पाठवायचो. २०२२ पासून नाही पाठवलं. नुसतं विचारतो, लाइट आहे का.

मॉस्को_रिटर्न:
काका 🙏
मी वेगळ्या काळातलं सांगते. नवऱ्याची औषध कंपनीतली नोकरी, आम्ही ९५ ते ९८ मॉस्कोत होतो. सोव्हिएत युनियन जाऊन चार वर्षं झालेली, शेजारणीच्या नवऱ्याचा पगार महिनोन्महिने थकलेला, मेट्रोच्या बाहेर शिकल्यासवरलेल्या बायका घरातले कप आणि स्वेटर विकायला उभ्या. त्या ३१ डिसेंबरच्या रात्री टीव्हीवर 'स्तारिये पेस्नी ओ ग्लावनोम' लागलं, म्हणजे जुनी गाणी, मुद्द्याच्या गोष्टींवरची. पार्फ्योनोव आणि एर्न्स्ट या टीव्हीवाल्यांची कल्पना. युद्धानंतरचं खोटंखोटं खेडं उभं केलेलं, आणि तेव्हाचे पॉपस्टार ट्रॅक्टरवाले, दुकानवाल्या वगैरे बनून जुनी सिनेमातली गाणी म्हणतात. ते उगाच_शंका म्हणतात त्याच 'कुबान्स्किये' टाइपचं खेडं बरं का. पुढच्या वर्षी साठचं दशक केलं, त्याच्या पुढच्या वर्षी सत्तरचं.
आम्ही शेजारी बसून बघत होतो, ऑलिव्ये सॅलड, संत्री, सगळं पद्धतशीर. त्यांची मुलगी विशीतली, ती सुरुवातीला खिदळत होती कारण करणाऱ्यांनी पण ते अर्धं चेष्टेतच केलं होतं, कपडे वगैरे जरा जास्तच. आणि तिचे आईवडील चेष्टा वगैरे काही न बघता सरळ गायला लागले. शब्द न् शब्द पाठ. नंतर आई उठून किचनमध्ये गेली ती बराच वेळ आलीच नाही. मला वाटतं बनवणाऱ्यांनासुद्धा अंदाज नसणार की लोक याला चेष्टा म्हणून घेणार नाहीत. नंतर नंतर मात्र चॅनेलवाल्यांना कळलं, मग काय, दर नव्या वर्षाला तीच गाणी नव्या माणसांकडून, आता कंटाळा येईपर्यंत.

अलिबागहून_थेट:
थोडं अवांतर पण राहवत नाही. रशियन म्युझिकल म्हणता तर आमचा पण एक आहे, १९५७ चा 'परदेसी', भारत आणि सोव्हिएत मिळून केलेला पहिला सिनेमा, ख्वाजा अहमद अब्बास आणि प्रोनिन असे दोन दिग्दर्शक, नर्गिस आणि ओलेग स्त्रिझेनोव. तो अफनासी निकितिन नावाच्या पंधराव्या शतकातल्या व्यापाऱ्यावर आहे आणि तो माणूस जहाजातून उतरला कुठे तर आमच्या चौलला! रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, या कधी, मासे पण खाऊन जा. सिनेमात मीना कपूरचं 'रसिया रे मन बसिया रे' आहे, अनिल विश्वासची चाल. पण ते हिंदीत आहे, क्लासला चालणार नाही, माहितीये मला.

विभक्ती_प्रत्यय:
सगळे इतिहासात शिरलेत आणि पोरीचा प्रश्न राहिला बाजूला. ३० तारीख जवळ आली ना?
झांजवाली, तू जो सिनेमा बघून नाक मुरडलंस ना, 'इरोनिया सुद्बी', तुझं गाणं त्यातच आहे. आधी तो का चालतो ते सांगतो. १ जानेवारी १९७६ ला टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला, र्याझानोव्हचाच, म्हणजे ज्याने 'कार्नावाल्नाया नोच' केला तोच. त्यातला विनोद असा की मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये रस्त्याचं नाव तेच, बिल्डिंग तशीच, कुलूप पण तेच, किल्ली लागते आणि माणूस परक्या बाईच्या घरात जाऊन झोपतो. आपल्याकडे म्हाडाच्या कॉलनीत राहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. असं सगळं छापाचं असलेल्या जगात दोन माणसं रात्रभर गिटारवर काय म्हणतात तर त्स्वेतायेवा, अख्मादुलिना, पास्तर्नाक यांच्या कविता. तारिवेर्दियेवने त्यांना चाली लावल्या. त्यात एक अॅश झाडाला प्रश्न विचारणारं आहे ते किर्शोनचं, त्याला पण १९३८ मध्ये गोळी घातली होती, हे उगाच_शंकांसाठी. म्हणजे लोक सिनेमा बघून रडत नाहीत, गाणी ऐकून रडतात, आणि तुझी नेमकी गाणी निसटली.
आणि काका, माफ करा पण इथे प्लेबॅक आहे हं. हिरॉइन बार्बरा ब्रिल्स्का पोलिश, तिचे संवाद तालिझिनाच्या आवाजात, जी सिनेमात तिच्याच मैत्रिणीचं काम करते, आणि गाणी अल्ला पुगाचोवाची. हिरोची सेर्गेई निकितिनची. एका बाईत तीन बायका. पण गायलेत अर्ध्याच आवाजात, तुमचा मुद्दा तसा शाबूत.
तर गाणं: 'येस्ली उ वास न्येतू त्योती'. तुमच्याकडे मावशी नसेल तर. कविता आरोनोव्हची. घर नसेल तर आगीची भीती नाही, कुत्रा नसेल तर शेजारी त्याला विष घालणार नाही, मावशी नसेल तर ती जाण्याचं दुःख नाही, आणि पुढे असं करत करत शेवट मरणावर येतो, जगतच नसाल तर मरायचं कुठून. मग तुम्हीच विचार करा, तुम्हीच ठरवा, असावं का नसावं. जवळजवळ बोलतच म्हणायचं आहे. चेहरा गंभीर ठेवायचा आणि सूर गेला तर लोकांना वाटेल मुद्दाम केलं.
आणि मुख्य म्हणजे हे गाणं म्हणजे निव्वळ षष्ठीचा सराव आहे. नकार आला की षष्ठी, दोम चं दोमा, सोबाका चं सोबाकी, त्योत्या चं त्योती. दुसऱ्या वर्षाच्या सिलॅबसमध्ये हेच असणार. सर खूश होतील. 'न्येतू' हे 'न्येत'चं बोलीतलं रूप, ते तसंच म्हण, सुधारू नकोस.
एक टिप: आधी चालीशिवाय नुसता ठेका धरून वाच. बहुतेक ठिकाणी आघाताचं अक्षर सुराच्या ठोक्यावर येतं, त्यामुळे कुठे ओ म्हणायचा आणि कुठे त्याचा अ होतो ते आपोआप बसतं. सोबाका लिहायचं, म्हणायचं सबाका. झांजा वाजवणाऱ्याला हे इतरांपेक्षा लवकर जमेल, ठेका आहे तुझ्याकडे.

झांजवाली:
प्रत्यय दादा (की ताई?) तुम्ही देव आहात. ऐकलं, हसले, पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा हसू आलं नाही. हेच म्हणणार. षष्ठी परवाच झाली आमची, शप्पथ.

चकलीवाली_बाबा_यागा:
झालं का पोरी? किती पाडलास सूर?

झांजवाली:
झालं झालं, सॉरी, लिहायचं राहून गेलं. चार वाक्यं नीट बोलले, आरोनोव, तारिवेर्दियेव, निकितिन, तिन्ही नावं न अडखळता. गाणं बऱ्यापैकी, आई मागच्या रांगेत बसली होती ती म्हणाली हे गाणं नव्हतंच ना, तू बोलतच होतीस, म्हणजे काकांची थिअरी बरोबर. कुत्र्याला विष घालतो तिथे पहिल्यांदा लोक हसले, मावशीला खूपच.
पण मग सरांनी सहज विचारलं की त्योत्या म्हणजे मराठीत नक्की कोण, आणि सत्यानाश. रशियनमध्ये मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना एकच शब्द. वीस मिनिटं भांडण. बँकवाले काका म्हणाले जिच्या जाण्याचं दुःख होतं ती मावशीच, दोन मुली आत्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, एकीने मामीचं नाव काढलं तर सगळे तिच्यावर धावले. त्या भानगडीत बँकवाल्यांचं 'पदमास्कोव्निये' राहूनच गेलं, ते शेवटी जिन्यात म्हणाले, आणि ते खरंच छान वाटलं, अर्धा आवाज आणि जिन्याचा घुमारा. तर मंडळी, तुमचं मत काय, मावशी का आत्या?

खार्कोव्हकर_काका:
मावशी. आत्या नसली तर दुःख कसलं.

मॉस्को_रिटर्न:
काका, मी तीन जणांची आत्या आहे.